फिरणं चालू आहे, पण खाली बसलं की उठता येतं का? (सोलापूर, उतारवय, ताकद आणि तोल)

कांडी (१६ फेब्रुवारी)

नमस्कार. बरीच वर्षं या चर्चास्थळावर वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरातला आहे, पण गेल्या तीन महिन्यांत जे वाचलं-पाहिलं त्यावरून तो एकट्या आमच्या घरातला नाही अशी खात्री झालीय.

दिवाळीच्या आधी आप्पा (माझे वडील, वय ७२) न्हाणीत पडले. फरशी कोरडी होती, पाय घसरला नव्हता. बादली उचलायला वाकले, तोल गेला, सावरता आलं नाही. खुबा वाचला, मनगटावर निभावलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं, पण आप्पा पहिल्यासारखे राहिले नाहीत. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरतात. रोज संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन बसायचे, ते सोडलं. विचारलं तर म्हणाले, "बसीन गं, पण उठवायला कोण येणार तिथं?" यंदा गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेला) नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीत पेलतात ते उंच काठीचे ध्वज, बघायलाही बाहेर पडले नाहीत.

आता आप्पा म्हणजे बसून खाल्लेला माणूस नव्हे. अशोक चौकाकडच्या कारखान्यांत ३८ वर्षं माग चालवले, आधी चादरीचे, मग टॉवेलचे. पाळीभर उभं. धोटा अडकला, धागा तुटला की या मागावरून त्या मागावर. निवृत्तीनंतरही सकाळचं अर्धा तास चालणं कधी चुकवलं नाही. त्यामुळे डॉक्टर म्हणाले, "पायांतली ताकद गेलीय, व्यायाम करा," तेव्हा ते चिडलेच. "जन्मभर उभं राहून काम केलोय, आता तू मला उठाबशा शिकवलालीस का?"

हेच वाक्य नंतर मी शेजारच्या काकांकडून ऐकलं, मावशीकडून ऐकलं, भाजीवालीकडून ऐकलं. सोलापूर कष्टकऱ्यांचं गाव. माग, विडी, हमाली, एसटी. आयुष्यभर राबलेल्या माणसाला व्यायाम म्हणजे रिकामटेकड्यांचं काम वाटतं, आणि त्याचा राग मला समजतो. पण त्यात एक चूक आहे, आणि ती महागात पडतेय.

वाचल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही. वय वाढतं तसा स्नायू घटतो, साठीनंतर जास्त वेगानं. आकारापेक्षा ताकद आधी जाते. त्यातही स्नायूंमधले वेगवान तंतू आधी झिजतात. रोजच्या संथ चालण्याला ते फारसे लागत नाहीत, पण ठेच लागल्यावर झटकन दुसरं पाऊल पुढे टाकायला तेच लागतात. आप्पा अर्धा तास चालत होते आणि तरी सावरू शकले नाहीत, त्याचं उत्तर मला इथं मिळालं.

दुसरी गोष्ट आनंदाची. ही ताकद परत येते, कितीही वय झालेलं असलं तरी. १९९४ मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर प्रयोग झाला होता. सरासरी वय ८७. अनेकांना काठी किंवा वॉकर. दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, पायांचे वजनाचे व्यायाम. पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याची क्षमता वाढली. नुसतं पौष्टिक पेय दिलेल्या गटात तसं काही झालं नाही. सत्त्याऐंशी! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्याकडे सत्तरीच्या माणसाला आपण "आता बसा निवांत" म्हणतो.

तिसरी गोष्ट, जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक सूत्रं. त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं श्वास थोडा वाढेल अशी हालचाल सांगितलीय. आपल्याकडे पोचलं ते एवढंच, 'रोज फिरा'. पण त्याच पानावर पुढे आहे की आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करा, आणि पासष्टीनंतर किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींचे मिळून करा. पडण्यावरच्या संशोधनाचा २०१९ मध्ये मोठा आढावा निघाला, १०८ चाचण्या, २३ हजारांहून जास्त माणसं. व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यातला भरवशाचा भाग तोल सांभाळण्याच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याबद्दल तसं ठामपणे म्हणता आलेलं नाही.

आप्पांना मी हे सगळं वाचून दाखवलं. काही उपयोग झाला नाही. मग एक दिवस विचारलं, "आप्पा, तुम्ही तरुणपणी नंदीध्वज पेलायला जायचात. यात्रेच्या आधी सराव का करायचात? गेल्या वर्षी पेलला होता की." ते म्हणाले, "अगं, वर्षभरात अंग विसरतं." एवढं बोलून स्वतःच गप्प झाले. ध्वज कमरेला लावून तोलायला ताकद आणि तोल दोन्ही लागतात आणि दोन्ही सरावातच राहतात, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका आहे असं मानतात. आप्पांना सहा जमलं. मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं, इथं लिहितेय.

आता धोरणाचं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, 'वय वंदना' कार्डावर. मोठा आधार आहे, आम्ही आप्पांचं कार्ड काढलंय. पण ते चालतं दवाखान्यात भरती झाल्यावर. आप्पांचा खुबा मोडला असता तर शस्त्रक्रियेला पैसे होते. तो मोडू नये म्हणून तीन महिने कुणी व्यायाम शिकवावा, त्याला नाहीत. एवढा एकच हिशेब मला सलतोय.

तर विचारायचंय असं: तुमच्या घरी कसं आहे? सोलापुरात असे व्यायाम कुणी शिकवतं का? आणि नसेल तर आपण काय करू शकतो?

माजी वाहक (१६ फेब्रुवारी)

ताई, फार चांगला विषय. मी ६९, एसटीत ३१ वर्षं वाहक. बार्शी, अक्कलकोट, तुळजापूर सगळे मार्ग केले. मला आमच्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती, ती मी निवृत्तीपर्यंत सगळ्या ड्रायव्हर मंडळींना सांगत आलो. १९५३ मध्ये लंडनला जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एकच बस, सामाजिक स्तरही साधारण तोच. पण दिवसभर दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी. हालचालीवरचं आधुनिक संशोधन तिथून सुरू झालं म्हणतात. मला तेव्हा अभिमान वाटला होता.

पण ताई, तुम्ही म्हणता तेही खरं. ५८ ला घरी बसलो आणि दोन वर्षांत ११ किलो वाढलो. कंडक्टरकी शरीरात साठून राहिली नाही.

अजून एक सांगतो. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढे एसटी मोफत आहे, त्याआधी ६५ पासून अर्धं तिकीट आहेच. म्हातारी माणसं पंढरपूरला, लेकीकडे, बाजाराला जायला लागलीत, डोळ्यांनी बघतो. घराबाहेर पडणं हेच अर्धं औषध. पण बसची पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते. दांडी धरून स्वतःला वर ओढता आलं पाहिजे. किती आज्या पायरीशी येऊन थांबतात आणि मागचा माणूस हात देतो तेव्हा चढतात. तिकीट मोफत मिळालं, पायरीची ताकद कोण देणार?

निशिगंध (१७ फेब्रुवारी)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, २२ वर्षं सोलापुरातच. कांडीताईंनी लिहिलेलं बहुतेक बरोबर आहे. थोडी भर.

आधी एक सावधगिरी. खुर्चीची चाचणी एकट्यानं करू नका, जवळ माणूस हवा. छातीत दुखणं, चक्कर, नुकतंच ऑपरेशन, मणक्याचं जुनं फ्रॅक्चर असेल तर आधी डॉक्टर.

कष्टाचं काम आणि व्यायाम यावर संशोधकांत खरोखर वाद आहे, तो सांगते. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी जवळपास दोन लाख लोकांची माहिती एकत्र केली. नोकरीत जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत लवकर मृत्यूचं प्रमाण कमी मेहनतीवाल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघालं. कारणं अशी मांडली जातात की कामात विश्रांती आपल्या हातात नसते, तासन्तास एकाच पवित्र्यात राहावं लागतं, रक्तदाब दिवसभर चढा राहतो. पुढे २०२१ मध्ये नॉर्वेच्या मोठ्या अभ्यासात उलटं दिसलं. शिक्षण, धूम्रपान वगैरे नीट हिशेबात धरल्यावर कष्टकरी पुरुष थोडे जास्तच जगले. म्हणजे 'कष्टानं आयुष्य घटतं' असं छातीठोक म्हणू नये. पण कष्ट केले म्हणून म्हातारपणी तोल राहील असं मात्र दोन्हींपैकी एकही अभ्यास म्हणत नाही. मागावर उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, मांडीची ताकद काही वाढत नाही.

व्यायाम काय? खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. ओट्याला धरून टाचा उचलणं. ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहणं. एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत भिंतीलगत चालणं. भिंतीला हात टेकून दंड. पाण्याच्या बाटल्या घेऊन हात उचलणं. एक दिवसाआड, वीस-पंचवीस मिनिटं. महत्त्वाचं हे की शेवटचे दोन-तीन जड वाटले पाहिजेत. सहज व्हायला लागलं की वाढवायचं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला इतका हलका व्यायाम देतात की त्यानं काहीच होत नाही. बोस्टनच्या त्या लोकांना जड वजनं दिली होती, म्हणून फरक पडला.

आणि व्यायामाच्या जोडीला औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा. झोपेची गोळी, रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या एकदम, यानं उठल्यावर चक्कर येते. मोतीबिंदू, चुकीचा चष्मा, मधुमेहानं बधिर झालेले तळवे. माझ्याकडे 'तोल जातो' म्हणून येणाऱ्यांत निम्म्यांचं कारण पायांच्या बाहेरच कुठंतरी सापडतं.

शेंगा (१७ फेब्रुवारी)

धागा वाचून आईजवळ जाऊन बसले. आई ६४. बाराव्या वर्षापासून विड्या वळतेय, अजून वळते. मांडीवर सूप, पाठ वाकलेली, दिवसाला सात-आठशे. पानं आणायची, भिजवायची, कापायची, वळायची, तोंडं बंद करायची, बंडल बांधून कारखान्यात द्यायचे. आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला राहतो.

तुम्ही खाली बसून उठण्याबद्दल लिहिलंय. आई दिवसभर खालीच बसते. उठताना मात्र भिंतीवर चढल्यासारखी उठते. म्हणजे खाली बसायची सवय म्हणजे ताकद नव्हे, हे मी रोज बघतेय, पण मला ते आज कळलं.

पण एक मनापासून विचारते. आईची मजुरी हजार विड्यांवर आहे. वीस मिनिटं व्यायाम म्हणजे तेवढ्या विड्या कमी. ज्यांना ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शन मिळते त्यांना किमान हजार रुपये महिना, २०१४ पासून तेवढेच. त्यात अंडी, दूध, डाळ कशी बसवायची? संशोधन ज्यांच्यावर झालं ती माणसं आणि माझी आई यांच्यात हा फरक आहे. धोरण करणाऱ्यांनी आधी म्हातारपणी माणसाला काम का करावं लागतं ते बघावं, मग व्यायाम सांगावा.

कांडी (१७ फेब्रुवारी)

शेंगा, तुमचं म्हणणं मला खोडायचं नाहीच. आप्पांना कारखान्यानं भविष्य निर्वाह निधी लावला नव्हता, त्यामुळे पेन्शन शून्य. माझ्या पगारावर घर चालतं म्हणून त्यांना वीस मिनिटं आहेत.

खाण्याबद्दल मला जे कळलं ते सांगते. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांचा आहे. म्हाताऱ्या माणसाच्या स्नायूंना तेवढ्याच प्रथिनांचा कमी उपयोग करून घेता येतो, म्हणून युरोपातले तज्ज्ञ पासष्टीनंतर १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. आप्पांचं मोजलं तर चाळीसही भरत नव्हतं. दात गेल्यामुळे कडक भाकरी बंद, मग चहा-खारी आणि आमटी-भात. आता सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी मटकी नाहीतर चवळीची मऊ शिजवलेली उसळ, ताक, भाकरी दुधात कुस्करून, आणि शेंगाचटणी दोन चमचे जास्त. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, आणि ते आपल्या गावात घरोघरी आहेत. आठवड्यातून चार अंडी. हे सगळं काही फुकट नाही, हे मान्यच.

कट्टेकरी ७८ (१८ फेब्रुवारी)

मी ७८ वर्षांचा आहे. मुली, तुझी कळकळ दिसते, म्हणून रागावून लिहीत नाही. पण आमच्या वयाच्या माणसाला आता मोजमापं लावू नका. किती वेळा उठला, किती पावलं चालला, किती ग्रॅम खाल्लं. सरकार आणि डॉक्टर 'सक्रिय ज्येष्ठ' म्हणतात तेव्हा मला त्यात 'आमच्यावर भार होऊ नका' असं ऐकू येतं. माझे वडील ९१ वर्षं जगले, उठाबशा काढल्या नाहीत. शेवटची सहा वर्षं अंथरुणावर होते, आईनं आणि आम्ही केलं. त्यात आम्हाला कमीपणा वाटला नाही. थकण्याचा हक्कही माणसाला असतो.

कांडी (१८ फेब्रुवारी)

काका, तुमचा प्रतिसाद मी आप्पांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरोबर बोलतात." मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पण मला तळ्यावर जायचंय."

थकण्याचा हक्क मान्य. आप्पा उद्या अंथरुणाला खिळले तर मी करीन, ओझं म्हणून नाही करणार. पण तुमच्या वडिलांच्या त्या सहा वर्षांबद्दल त्यांना स्वतःला काय वाटत होतं, हे कधी बोलले का ते? मला आप्पांचा आकडा वाढवायचाय तो तळ्यासाठी. मोजल्याशिवाय मला कळत नव्हतं की ते कशाला घाबरतायत.

कट्टेकरी ७८ (१८ फेब्रुवारी)

बोलले होते. देवळात न्या म्हणायचे. आमच्या वाड्याला चौदा पायऱ्या होत्या.

जुळे सोलापूरकर (१९ फेब्रुवारी)

मी पुण्यात, आई (७४) एकटी जुळे सोलापुरात. मी तिला घड्याळ घेऊन दिलंय आणि रोज रात्री फोनवर पावलं विचारतो. दहा हजार झाली नाहीत तर माझी चिडचिड होते. गुडघे दुखतात तरी ती घरातल्या घरात फेऱ्या मारते. हे चुकतंय का?

निशिगंध (१९ फेब्रुवारी)

चुकतंय, आणि सहज सुधारता येण्यासारखं आहे. दहा हजार हा आकडा संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक'. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या जवळपास १७ हजार अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास केला. २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी होतं, आणि साधारण ७५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. आईंना चार-पाच हजार पुरे आहेत, उरलेला वेळ खुर्चीच्या व्यायामाला. आणि रात्री पावलं विचारण्याऐवजी आज कुणाशी बोललीस ते विचारा. एकटेपणा, न ऐकू येणं, न दिसणं हे तिन्ही लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या धोक्यांच्या यादीत आहेत. ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावा, लाजू देऊ नका.

वाखरी (२० फेब्रुवारी)

दरवर्षी आळंदीहून पायी येतो. अडीचशे किलोमीटरच्या आसपास, अठरा-वीस दिवस. माझ्या दिंडीत ७५ च्या तीन माउली आहेत, डोक्यावर तुळस. त्यांना बघून मला वाटायचं की वारीच माणसाला धडधाकट ठेवते. पण गेल्या वर्षी हिशेब केला: पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर चालणाऱ्या बाकीच्या कुठं आहेत? ज्यांचे गुडघे गेले त्या घरी थांबल्या, त्या आम्हाला दिसत नाहीत. दिसतात त्या टिकलेल्या. त्यामुळे 'आमच्या वारकऱ्यांना व्यायाम लागत नाही' असं मी आता म्हणत नाही. त्या माउली मात्र वारीच्या दोन महिने आधीपासून रोज चालायला लागतात, हे त्यांनीच सांगितलं. नंदीध्वजाचंच झालं की हे.

पाचपेठ (२१ फेब्रुवारी)

मी ज्येष्ठ नागरिक संघाचं काम बघतो. योजनांची माहिती एका ठिकाणी देतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांना ती नसते.

'मुख्यमंत्री वयोश्री' २०२४ पासून आहे. वय ६५, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत. खात्यावर एकदाच तीन हजार, त्यातून चष्मा, कानाचं यंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा घेता येतो. समाजकल्याणकडे चौकशी करा. मदत हवी असेल, छळ होत असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन. आणि २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा एक राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा वेगळा कक्ष, ओपीडी, फिजिओथेरपी, खाली आरोग्य केंद्रात आठवड्याचा दवाखाना, असं त्याच्या कागदावर आहे. माझं सगळ्यांना सांगणं एकच, की तिथं जाऊन नावानं मागा. मागणी दिसली नाही तर फिजिओची जागा भरायची गरज कुणालाच वाटत नाही.

पण धोरण म्हणजे फक्त योजना नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली, ३३ शहरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून. त्यात दिल्ली आणि उदयपूरही होती. माणसांनी मागितलं काय? बसायला बाक, स्वच्छतागृह, सपाट पदपथ, रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ. आमच्या संघातल्या बायका सकाळी फिरायला निघताना पाणी पीत नाहीत, कारण वाटेत स्वच्छतागृह नाही. आणि एप्रिल-मे मध्ये आपल्या गावात बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात पाणी न पिता फिरणं म्हणजे जीवाशी खेळ. म्हातारपणी तहानच कमी लागते, त्यात लघवीची गोळी चालू. व्यायामशाळा नंतर द्या, आधी स्वच्छतागृह द्या, असं मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि सांगत राहणार.

जपानमध्ये ऐची नावाच्या प्रांतात ताकेतोयो हे गाव आहे. २००७ पासून तिथं ज्येष्ठांसाठी गावभर कट्टे सुरू केले, हलका व्यायाम, गाणी, खेळ, गप्पा. घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, चालवणारे स्वयंसेवक, त्यातले बरेचसे स्वतः ज्येष्ठ. पाच वर्षांनी पाहिलं तर तिथं जाणाऱ्यांत परावलंबी होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होती. ना मोठी इमारत, ना यंत्रं. आपल्या प्रत्येक पेठेत मारुतीचं देऊळ आहे, पार आहे, समाजाची मंगल कार्यालयं आठवडाभर रिकामी असतात.

शेंगा (२१ फेब्रुवारी)

पाचपेठ काका, कुंभारीत असा कट्टा झाला तर बायका विड्यांची सुपं घेऊनच येतील. मध्ये वीस मिनिटं सुपं खाली ठेवायची, असं चालेल का?

पाचपेठ (२१ फेब्रुवारी)

का नाही चालणार? तसंच करू. निशिगंध मॅडम, पहिले चार रविवार येता का?

निशिगंध (२१ फेब्रुवारी)

येते. एक अट, शिकवणाऱ्या दोन बायका तिथल्याच तयार करायच्या. मी कायमची आले तर मी थांबल्या दिवशी ते बंद पडेल.

कांडी (१४ जून)

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून.

आमच्या गल्लीत मारुतीच्या देवळासमोर मार्चपासून सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी सव्वासहाला जमतो. सुरुवातीला आप्पा आणि तीन म्हातारे, आता अकरा जण, त्यात पाच बायका. मे मध्ये ऊन चढायच्या आत, पावणेसहाला घ्यायचो. माजी वाहक काका रविवारीही येतात आणि सगळ्यांना पायरी चढायला लावतात. दोन विटा रचून त्यांनी बसची पायरी केलीय, दांडी म्हणून देवळाचा खांब. कुंभारीत दोन ठिकाणी चालू आहे. शेंगाच्या आई आता शिकवणाऱ्या दोघींपैकी एक आहेत. सुपं बाजूला ठेवूनच होतं, पण होतं.

सगळं सुरळीत नाही. दोघं गुडघेदुखी वाढली म्हणून थांबले, त्यांना निशिगंधताईंनी वेगळे व्यायाम दिलेत. एक आजी फक्त गप्पांना येतात, त्यांनाही कुणी काही म्हणत नाही. महापालिकेच्या कार्यालयाला दोन बाक आणि एका स्वच्छतागृहासाठी अर्ज दिलाय, पोच मिळालीय, पुढे काही नाही. पाचपेठ काका दर पंधरवड्याला जाऊन विचारून येतात.

आप्पांचा आकडा सहावरून नऊ झाला, मग एप्रिलभर नऊवरच अडकला. ते फार नाराज होते. मे अखेरीस अकरा. बारा अजून नाही. गेल्या गुरुवारी संध्याकाळी तळ्यावर गेलो. घाटाच्या पायरीवर बसले, तासभर बसले, माशांना चुरमुरे टाकले. उठताना मी हात पुढे केला तर म्हणाले, "थांब." एक हात पायरीला, एक गुडघ्याला, आणि उठले. मग परत बसले आणि परत उठले, मला दाखवायला.

कट्टेकरी काका, तुमचा वाडा आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे असं व्यनित कळलं. सोमवारी याल का? व्यायाम करायलाच हवा असं नाही, आप्पांना तुमच्याशी बोलायचंय. येताना खुर्ची घरची आणा, लाकडी नाहीतर लोखंडी. प्लास्टिकची नको, फरशीवर सरकते.